बियाण्याचं तळघर

मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. जव्हारला राजाचं राज्य होतं तेव्हाची शाळा ती. माझं अक्षर वाकडं आहे, पण जे लिहितो ते माझ्या हातानं झालेलं आहे, तेव्हा ते सुधारायला कुणी येऊ नये. जमिनीखालची खोली कोरडी कशी ठेवायची हे मला ठाऊक आहे. लोक म्हणतात, म्हातारा शहाणपण गाठीला बांधून बसलाय, कुणाला सांगत नाही. तसं नाही. सांगायला बसलो की चुन्याच्या मागून बायकोची गोष्ट निघते. म्हणून सांगत नव्हतो. आता लिहून टाकतो.

तिचं माहेर सूर्यमाळच्या बाजूला, डोंगरावरच्या एका पाड्यात. मानमोडीचा ताप आला त्या साली तो पाडा ओस पडला. बाप, आई, भाऊ, भावजय, सगळे गेले. ती आमच्याकडे जामसरला होती म्हणून राहिली. सांगावा आला तेव्हा आम्ही दोघं चालत गेलो. घरात माणूस नव्हतं. चुलीत राख होती. कोपऱ्यात भाताच्या बियाण्याची कणगी उभी होती आणि तिचं तोंड लिंपलेलं होतं.

आमच्याकडे रीत अशी की धान्य म्हणजे कणसरी, ती देवी. बियाणं कणगीत भरलं की तोंडावर शेणमातीचा लेप द्यायचा आणि पेरणीच्या दिवसापर्यंत तो फोडायचा नाही. कणसरी झोपलेली असते, तिला मधे उठवायची नसते. त्या लेपावर माझ्या सासूची बोटं उमटलेली होती. बायकोनं त्यांच्यावर आपली बोटं ठेवून बघितली. मग म्हणाली, "तोंड फोडू नको. बाजूनं काप."

मी विळ्यानं कणगीची कूस कापली. ती रडली नाही. लुगड्याच्या पदरात बियाणं घेतलं, गाठ मारली, आणि आम्ही उतरणीला लागलो. तिच्या माहेराहून तेवढंच आलं. त्या भाताला नाव नव्हतं. तिच्या पाड्यावर त्याला नुसतं 'आपला' म्हणायचे. तांबूस, बुटका दाणा. शिजताना घर भरून जायचं. आमच्या जामसरकडे तो कुणी लावत नव्हतं.

आमच्या वावरातला एक तुकडा तिनं त्या भाताला दिला. मी हो-नाही काही म्हटलं नाही. तिनं विचारलंच नव्हतं. लावणीच्या दिवसांत त्या तुकड्यात दुसऱ्या कुणाला पाय ठेवू द्यायची नाही. कापणी झाली की बियाणं पहिलं काढायची, मग खाण्याचं. एकदा माझ्या थोरल्या भावानं चेष्टा केली, "पोरी, तुझं माहेर यंदा किती पिकलं?" ती म्हणाली, "दादा, तुमच्या घरापेक्षा जास्त." सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तो भात म्हणजे तिचं माहेर असंच सगळे बोलायला लागले, आणि तिलाही ते चाललं.

मग आमचं घर जळालं.

चैत्र-वैशाखात आम्ही राब भाजतो. भाताची रोपं जिथं करायची त्या जागेवर पाला, काटक्या, शेण पसरतो, वर माती टाकतो आणि पेटवतो. सगळ्या डोंगरावर धूर असतो. वारा फिरला आणि कुठूनशी ठिणगी आमच्या गवती छपरावर आली. कुणाच्या राबाची, ते आमच्याकडे विचारत नाहीत. प्रत्येकजण राब भाजतो, आज तुझी ठिणगी, उद्या माझी. त्यामुळं मीही विचारलं नाही. बायको आत पळाली. मी ओरडलो, माझ्या भावानं तिचा पदर धरला, पदर त्याच्या हातात राहिला. ती बाहेर आली ती एक टोपली कवटाळून. केस एका बाजूनं जळालेले. कणगीतलं बाकीचं सगळं गेलं. टोपलीत जेवढं मावलं तेवढं माहेर उरलं.

ते आम्ही पेरलं. पिकलंही. पण पुढच्या चैत्रात डोंगरावर पहिला धूर दिसला तशी ती बियाण्याची टोपली मांडीवर घेऊन उघड्या वावरात जाऊन बसली. छपराखाली यायला तयार नाही. उन्हात डोक्यावर पानांचं इरलं घेऊन बसायची. राब संपेपर्यंत हे चाललं. भाऊ म्हणाला, "माझ्या घरी ठेवा." त्याचंही छप्पर गवताचंच. कुणी म्हणालं, आंब्याला टांगा. आंब्यावर माकडं.

मी तिला म्हटलं, "आग जमिनीत शिरत नाही."

ती म्हणाली, "पाणी शिरतं ना."

तिथून या तळघराला सुरुवात झाली. ज्यानं आमच्याकडचा पाऊस बघितला नाही त्याला हे कळायचं नाही. आमच्या डोंगरात श्रावणात जमिनीला कुठंही काठी खुपसा, भोकातून पाणी वर येतं. तिथं जमिनीखाली दाणा ठेवायचा म्हणजे तो भिजत घालण्यासारखं. गावानं मला वेड्यात काढलं. "सशाचं बीळ खणतोस काय रे?" "उंदराला जावई करून घेतोय हा!" भाऊ सगळ्यांत पुढं. मी एकदा म्हटलं की करतो. माझा स्वभाव तसा आहे आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

पीक निघालं की मी जव्हारला जाऊन गवंड्यांच्या हाताखाली काम करायचो. तिथं एक मिस्त्री होता. मुसलमान, जव्हार गावातलाच, त्याचे बाप-आजे चुन्याच्या कामातले. एका व्यापाऱ्याचं तळघर त्यानं केलेलं मी बघितलं होतं, त्यात मीठ ठेवायचे आणि मीठ पाघळत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. बियाणं कुणाचं, ते का जळालं, सगळं. तो ऐकून घेत हिरडे फोडत बसला होता. म्हणाला, "भाई, मीठ ओलं झालं तर व्यापारी दुसरं आणतो. तुझं दुसरं कुठून आणणार?"

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मग मला जागा दाखव. जागा बघितल्याशिवाय मी चुन्याला हात लावत नाही."

तो आमच्याकडे आला. बायकोनं त्याला नाचणीची भाकर आणि सुकटीची चटणी दिली. जेवण झाल्यावर तो घराभोवती फिरला, वरच्या अंगाला गेला, माती हातात घेऊन वास घेतला, मूठ आवळून गोळा होतो का बघितलं. मग आम्हाला दोघांना समोर बसवून त्यानं एकेक उपाय मांडला. मला त्याचं हे आवडलं. पुष्कळ कारागीर आपलाच माल चांगला म्हणतात. त्यानं सगळ्यांची बाजू घेतली.

पहिलं डांबर. आतून भिंतीला गरम डांबर फासायचं. काम लवकर होतं, पाणी अडतं. बायकोनं तिथंच तोडलं. "डांबराचा वास दाण्याला लागणार. माझ्या आयेला डांबर फासू?" मिस्त्रीनं डांबराचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसरं विलायती सिमिट. ते तेव्हा नवीन होतं, मोठ्या बांधकामांवर दिसायचं. मिस्त्रीनं खिशातून त्याचा एक खडा काढून मला दिला. दगडच. म्हणाला, "चीज चांगली आहे, मी खोटं बोलणार नाही. पण घट्ट आहे. तुमची जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते. सिमिट वाकत नाही, तडकतं. चुना म्हाताऱ्या माणसासारखा असतो, कुरकुर करतो पण सांभाळून घेतो." शिवाय ते रेल्वेच्या बाजूहून घाट चढवून आणायचं, आणि वाटेत एक सर आली की पोत्यातच दगड. माझ्या भावाचं मत सिमिटाला होतं, कारण त्याला विलायती शब्द आवडला होता.

तिसरी आमची डोंगरातली पद्धत. वारुळाची माती, राख आणि शेण, चोपून चोपून. बायकोचा जीव त्यात होता. तिच्या माहेरी पाण्याचे रांजण पुरायचे त्यांच्या भोवती हीच माती देत. मिस्त्री म्हणाला, "ही माती मी घेणार. पण आत नाही. बाहेर."

आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी आजपर्यंत विसरलो नाही. "बघा, पाणी येतं पाठीमागून. ते पाठीवर बसलंय, आणि लोक लेप देतात पोटाला. आतून कितीही चांगला लेप द्या, मागून पाण्याचा रेटा आला की एक दिवस तो लेप तव्यावरच्या पापडासारखा सुटतो. पाण्याला भिंतीशी भांडायला लावू नका. त्याला दुसरी वाट द्या. वरच्या अंगाला चर खणा, दगडगोट्यांनी भरा, चराचा उतार बाजूच्या ओहोळाला काढा. मग भिंत. भिंतीच्या पाठीला वारुळाची माती चोपा. आणि आतून माझा चुना. चर वाट दाखवील, माती थोपवील, चुना राखण करील."

"तिन्ही?" मी विचारलं.

"एकावर भरवसा ठेवायचा तर माझ्याकडे कशाला आलास?"

मी बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली. तेवढ्यावर ठरलं.

त्या हिवाळ्यात मी खणलं. घर उतारावर आहे म्हणून वरचं अंग जमिनीत आणि खालच्या अंगाला दार, असं आखलं. दगड मीच फोडला. हिरडा रानातून बायकोनं वेचून आणला, गोणीवर गोणी. वारूळ खणायच्या आधी तिनं तिथं दाणे ठेवले आणि आतल्या नागाला सांगितलं की आम्ही तुझं घर घेतो ते आमच्या घरासाठी, राग धरू नको. मिस्त्री लांब उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "बाई, माझ्या वाटचं पण सांगा त्याला." ती म्हणाली, "तुमचं नाव घेऊनच सांगितलं, मिस्त्रीदादा. रागावला तर आधी तुमच्याकडे पाठवते."

चुन्याचं काम मी पुष्कळ ठिकाणी केलं पण असा चुना पुन्हा बघितला नाही. चुन्याच्या घाण्यात बैलानं मळलेला. विटांची भुकटी, म्हणजे सुरकी, चाळून घातलेली. हिरड्याचं पाणी, गूळ, मेथीचं पाणी. अंबाडीच्या वाखाचे तुकडे कापून मिसळलेले. थर दिला की लाकडी चोपण्यानं ठोकत राहायचं, पाणी वर येईपर्यंत, मग ते सुकेपर्यंत, मग पुन्हा. बायको दिवसभर चोपणं चालवायची. तिचे तळहात फुटले. मिस्त्री म्हणायचा, "बास बाई, भिंत मरेल." ती थांबायची नाही. शेवटचा हात गुळगुळीत दगडानं घोटला तेव्हा भिंत अशी झाली की बोट फिरवलं तर वाटावं अंड्यावरून फिरतंय.

दाराच्या वर मिस्त्रीनं एक झरोका ठेवला होता, मूठ जाईल एवढा. दुसरा मागच्या भिंतीत अगदी वर, जमिनीच्या पातळीला, त्यावर दगडाचं छप्पर. निघताना तो म्हणाला, "हे दोन उघडे असू द्या." आम्ही हो म्हटलं. चुना ओला आहे, तो सुकायला उघडे ठेवायचे, असं आम्ही धरलं. दुसरं काय धरणार? भिंती हाताला कोरड्या लागेपर्यंत आम्ही ते उघडे ठेवले. राबाचे दिवस जवळ आले तसं बायकोनं बियाणं आत नेलं. नवी कणगी विणली होती, ती भरली. दार लावलं. मग तिनं शेणमाती कालवली. दाराच्या फटी लिंपल्या. झरोका लिंपला. मागचा झरोका दार लावायच्या आधीच आतून लिंपला होता. तो उंच, तिला पोहोचेना, तिथं मी माती उचलून दिली होती आणि तिला खांद्यावर घेतलं होतं. ती वर लिंपत होती आणि मला म्हणत होती, "हलू नको, बोटं नीट उमटू दे."

आमच्यात असंच करतात. कणसरीला निजवलं की तोंड बंद करायचं. तिच्या आईनं केलं, आईच्या आईनं केलं. कणगी बांबूची असते, ती आपल्या अंगानं श्वास घेते, हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलायची गरजच पडली नव्हती. दगडाच्या आणि चुन्याच्या कणगीला अंगानं श्वास घेता येत नाही हे आमच्या डोंगरात कुणाला ठाऊक असणार? तशी कणगी आमच्याआधी कुणी बांधलीच नव्हती. गावात पुढं काहीजण बोलले, की अमक्यानं हे करायला नको होतं आणि तमक्यानं ते. मी त्या बोलणाऱ्यांच्या ओटीवर परत चढलो नाही. आमच्या घरात चूक झाली नाही. आमच्या घरात रीत पाळली गेली.

त्या वर्षीचे राब तिनं घरात बसून काढले. डोंगरावर धूर होता आणि ती दारात बसून मिरच्यांची देठं खुडत होती. मी तिला तशी निवांत कितीतरी वर्षांनी बघितली. रात्री झोपायची. जेवायची. एकदा तर गाणं म्हणताना ऐकली, मला बघून थांबली. मी मनात म्हटलं, खणलं ते वाया नाही गेलं.

पाऊस लागला. चराच्या तोंडातून ओहोळात पाणी पडायला लागलं, चांगली धार. भाऊ मुद्दाम बघायला आला. दाराचा उंबरा कोरडा ठणठणीत. त्यानं खाली बसून हात लावून बघितला, काही सापडेना, मग म्हणाला, "आत पण असंच असलं म्हणजे झालं." मी म्हटलं, "तुझ्या सिमिटाचं काय रे दादा?" तो हसत गेला.

पेरणीचा दिवस आला. तिनं आंघोळ केली, दारापुढं दिवा ठेवला, लेपाला हळद-कुंकू लावलं आणि फोडला. दार उघडलं तशी आतून वाफ आली. भात शिजताना झाकण काढल्यावर येते तशी, पण वास तो नव्हता. आंबूस. भिंतींवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. छतावरून ठिबकत होते. ती आत गेली, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "ताप आल्यासारखं गरम आहे."

मी जव्हारला धावत गेलो. मिस्त्री हातातलं काम टाकून माझ्याबरोबर आला. तळघरात शिरला आणि त्यानं पहिलं काय केलं तर भिंतीला जीभ लावली. एका जागी, मग दुसऱ्या जागी, मग अगदी खाली. थुंकला आणि म्हणाला, "हे बाहेरचं पाणी नाही. बाहेरचं असतं तर मातीची चव लागली असती, खार लागला असता. हे गोडं आहे. हा घाम आहे." मग त्यानं वर बघितलं. मागच्या झरोक्यावरची बोटं बघितली.

बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, "मिस्त्रीदादा, पाणी कुठून आलं?"

तो म्हणाला, "माझ्या चुन्यातून आलं, बाई. चुना वरून सुकला होता, पोटात ओला होता. तो पाणी सोडत राहिला. माझा चुना."

त्यात अर्धं खरं होतं. चुन्याचं पाणी होतंच. पण त्याला बाहेर जायला वाट नव्हती, आणि दाण्याच्या श्वासालाही नव्हती, हे त्यानं तिला सांगितलं नाही. मला सांगितलं, ओहोळाजवळ, ती नसताना. "मी उघडे ठेवा म्हटलं. कशासाठी ते नाही म्हटलं. माझ्या धंद्यात ते सगळ्यांना कळतं म्हणून." मी त्याला म्हटलं, तिला यातलं काही कळायला नको. तो म्हणाला, "म्हणून तर चुन्याचं नाव घेतलं." त्याच्या चुन्याला आयुष्यात कुणी नावं ठेवली नव्हती. त्यानं स्वतःच ठेवली, आणि तीही माझ्या दारात. पण ती लिंपणारी होती. तिला कळायचं राहिलं नाही. कधी कळलं ते मला माहीत नाही, कारण तिनं ते कधी तोंडातून काढलं नाही.

तिनं कणगीच्या तळातले, मधले, वरचे दाणे घेतले, ओल्या फडक्यात बांधले आणि चुलीजवळ ठेवले. रोज सोडून बघायची. मोड आला नाही. एकालाही नाही. मी म्हटलं, अजून थोडं थांबू. ती म्हणाली, "थांबून काय? मेलेलं माणूस मी ओळखते."

मग आम्ही शोधायला निघालो. आधी सूर्यमाळ. तिच्या पाड्यावर घराच्या जागी घाणेरीची झुडपं माजली होती. आजूबाजूच्या पाड्यांवर विचारलं. मानमोडीनंतर जे उरले ते दुसऱ्यांचं बियाणं मागून आणून पेरायला लागले होते. 'आपला' भात कुणाकडे नव्हता. एक म्हातारा म्हणाला, "होता खरा. लई गोड होता." एवढंच. तिथून पोशेऱ्याला, तिथं तिची चुलत मावशी दिलेली होती. मावशी नव्हती, तिची सून होती. ती सुपात भात घेऊन आली. तांबूस होता, बुटका होता. बायकोनं एक दाणा दातात फोडला, चावला, सुपाकडे बघितलं.

"हाच का गं?" सुनेनं विचारलं.

"नाय," बायको म्हणाली. "पण तू द्यायला निघालीस. तुझं भलं होवो."

परतीच्या वाटेवर ती पुढं चालत होती. एका वळणावर थांबली आणि मला म्हणाली, "आता माझ्या माणसांना खरंच कोण नाय." पाऊस पडत होता. मी माझं घोंगडं तिच्या डोक्यावर टाकलं, तिनं ते काढून माझ्या हातात दिलं.

घरी आल्यावर तिनं ते मेलेलं बियाणं तळघरातून बाहेर काढलं, तिच्या तुकड्यातल्या भाजलेल्या राबावर नेलं आणि पेरलं. सगळं. मी उभा होतो. मी तिला अडवलं नाही. गावातल्या बायकांनीही अडवलं नाही, त्यांनी आपापली पेरणी सोडून येऊन तिच्याबरोबर माती सारखी केली. ती कुणाला माती देते आहे ते त्यांना ठाऊक होतं. मग ती बांधावर बसून पाखरं हाकायला लागली. इतरांच्या राबावर हिरवं दिसायला लागलं, मग बोटभर झालं, मग वीतभर. तिच्या तुकड्यात गवत आलं. तिनं ते निंदलं. काळी, स्वच्छ माती, मधे काही नाही, आणि ती तिथं हाऽ हाऽ करून पाखरं उडवते आहे. जाणारे-येणारे त्या बांधावरून जायचं टाळायला लागले.

लावणी संपत आली तेव्हा माझा भाऊ आपल्या वावरातल्या रोपांच्या जुड्या डोक्यावर घेऊन आला. बांधावर ठेवल्या. त्या माणसानं आयुष्यभर तिची चेष्टा केली, त्या दिवशी एवढंच म्हणाला, "लाव पोरी. जमीन रिकामी ठेवू नये." ती उठली. जुड्या सोडल्या आणि लावायला लागली. मी चिखलात उतरलो तर म्हणाली, "तू राहू दे." एकटीनं तो सगळा तुकडा लावला, वाकून, एकदाही कंबर न धरता. ते पीक चांगलं आलं. खाताना तिनं कधी बरं-वाईट म्हटलं नाही.

मिस्त्रीनं दोन्ही झरोके मोकळे केले. त्यानंतरच्या पावसापासून तळघर कोरडं आहे. बाहेरचं पाणी तर त्यात पहिल्या दिवसापासून कधी आलंच नाही, हे मी पुन्हा सांगतो, कारण आमच्या तळघरात पाणी शिरलं असं अजून काही लोक सांगतात. मी तिला म्हटलं, घरचं दुसरं बियाणं ठेवू. ती म्हणाली, "नको. तिथं काय ठेवू नको." मी ठेवलं नाही.

दिवाळी आली. गावातल्या बायकांचे भाऊ त्यांना न्यायला येऊ लागले. कुणी मोखाड्याकडे, कुणी विक्रमगडच्या बाजूला, पोरंबाळं घेऊन हसत-बोलत निघाल्या. तिनं त्यांना वाटेपर्यंत पोचवलं. परत येऊन घरातलं आवरलं, डोकं विंचरलं, धुतलेलं लुगडं नेसली. मला म्हणाली, "मी जरा जाऊन येते." मला वाटलं ओहोळावर चालली. ती घराला वळसा घालून खालच्या अंगाला गेली आणि तळघराचं दार उघडून आत गेली.

दुपार कलली तेव्हा आली. पुढच्या वर्षी दिवाळीला तसंच. त्याच्या पुढच्या वर्षी मी आत तिच्यासाठी दगडाचा एक ओटा बांधला. तिनं तो बघितला आणि त्यावर बसायला लागली. असं ती असेपर्यंत चाललं. केस पांढरे झाल्यावरही दिवाळीला धुतलेलं लुगडं नेसून खाली जायची.

एकदाच विचारलं मी. "आत काय करतेस गं एवढा वेळ?"

"माहेरी गेल्यावर बाया काय करतात?" ती म्हणाली. "बसते."

"आणि?"

"आणि काय. बोलायला कोण नाय तिथं. उठते, येते."